प्रभाकाकूंच्या डाव्या डोळ्यातला पाणीपुरवठा

मोहरणी गावाच्या पाणीपुरवठ्याच्या सगळ्या पाइपलाइनी प्रभावती कोष्टी यांच्या डाव्या डोळ्यात आहेत, हे उघड झालं त्या दिवशी त्या खरं तर फक्त चष्म्याचा नंबर काढून घ्यायला गेल्या होत्या.

प्रभावतीबाईंना गाव प्रभाकाकू म्हणायचं. त्या ब्लाउज शिवायच्या. अलीकडे सुईचं नेढं दिसायचं, पण दोरा ओवायला गेलं की नेमका मधेच एक धुरकट ठिपका येऊन बसायचा. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही त्यांनी उलटी जोडली आणि ती तशीच इस्त्री करून दिली. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण काकूंना ते फार लागलं. त्यांचे यजमान रामलिंग एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर. ते म्हणाले, "वयाचं असेल." तरी ते त्यांना घेऊन डॉक्टर आरिफ बागवान यांच्या दवाखान्यात गेले.

बागवान डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढला आणि तो कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला.

"काकू, साखर कधीपासून आहे?"

"चहात?"

"रक्तात."

"वैजूच्या लग्नापासून." वैजू ही त्यांची एकुलती एक मुलगी.

"आणि बीपी?"

"ते हे रिटायर झाले तेव्हापासून."

"गोळ्या रोज घेता?"

"बरं वाटेनासं झालं की घेते."

"म्हणजे बरं वाटत असलं की घेत नाही."

"बरं वाटत असताना गोळी कशाला घ्यायची?" काकूंनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

डॉक्टर समजावू लागले. रक्तातली साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या होतात. त्यात रक्ताचा दाब जास्त असला की त्या फुगतात, पाझरतात. पाझरलेलं पाणी पडद्यात मुरतं आणि नजर धूसर होते. दुखत काहीच नाही, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. ते एवढं बोलतायत तोवर बाहेर बसलेले दुधगावकरसाहेब आत आले. ते नगरपरिषदेचे पाणीपुरवठा अभियंता. डोळ्यात खडीची कच गेली म्हणून आले होते आणि त्यांना घाई होती. त्यांची नजर कॉम्प्युटरकडे गेली.

"हे तुमच्याकडं कसं आलं?"

"काय?"

"माझं नेटवर्क."

"हा पेशंटच्या डोळ्याचा पडदा आहे, साहेब. तुम्ही बाहेर बसा."

दुधगावकर बाहेर बसले नाहीत. त्यांनी पडद्यावरच्या एका पिवळसर गोलावर बोट ठेवलं. "ही टाकी."

"तिथून डोळ्याची नस मेंदूकडे जाते. तिथूनच रक्तवाहिन्या आत येतात."

"बरोबर. इथून चार मुख्य लाइनी निघतात. ही वरची कोर्टाकडं जाते. ही खालची कुंभारगल्लीकडं. आणि इथं मधे काहीच नाही."

"तिथं रक्तवाहिन्या नसतातच. सगळ्यात बारीक नजर तिथं असते, त्यांची आडकाठी नको म्हणून."

"हा घड्याळ चौक. टॉवरच्या पायात पाणी मुरायला नको म्हणून आम्हीही तिथं लाइन घातली नाही." दुधगावकर आणखी वाकले. "आणि हे लाल ठिपके?"

"गळती," डॉक्टर म्हणाले.

"मला तेच वाटलं."

बाहुली मोठी झाल्यामुळे काकूंना सगळं पांढरंफटक दिसत होतं. त्या पांढऱ्यात दोन माणसं त्यांच्या डोळ्यावर बोटं ठेवून गल्ल्यांची नावं घेत होती. रामलिंग पुढे झाले. "साहेब, आमचं घर कुठं दिसतं का?"

दुधगावकरांनी ते शोधून दाखवलं. एका फाट्याच्या पुढे, बारक्या वळणापाशी.

"म्हणजे मी माझ्या डोळ्यात राहते?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचाही फोटो काढला. त्यात फक्त डोळा होता.

दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेच्या माणसांनी फोटोत ठिपके होते तिथे तिथे खणलं. प्रत्येक ठिकाणी लाइन पाझरत होती. गॅस एजन्सीसमोरचा रस्ता तर खालून पार पोकळ झाला होता. वर ट्रक उभा राहिला असता तर आत गेला असता.

नगराध्यक्षा शैलजाताई शेटे यांनी खास सभा बोलावली. सभेत डोळ्याबद्दल कुणी शंका घेतली नाही, कारण खड्डे सगळ्यांनी बघितले होते. वाद वेगळ्याच गोष्टीवर झाला. डॉक्टरांचं म्हणणं असं, की काकूंच्या साखरेमुळे आणि बीपीमुळे गावाच्या लाइनी कच्च्या झाल्या. दुधगावकरांचं म्हणणं असं, की लाइनी मुळातच जुन्या आहेत आणि त्यांच्यामुळे काकूंचा डोळा बिघडला.

"बाई, तुमचं काय म्हणणं आहे?" शैलजाताईंनी विचारलं.

"मला कळत नाही," काकू म्हणाल्या. "मी ब्लाउज शिवते."

त्यांचं म्हणणं नोंदवलं गेलं.

दोन्ही म्हणण्यांना आधार मिळत गेला. शेजारी बारशाला काकूंनी आग्रहाखातर बासुंदी घेतली, दोनदा घेतली, आणि संध्याकाळी कोर्टाकडची लाइन फुटून वकिलांच्या स्कूटर पाण्यात उभ्या राहिल्या. म्हणजे डॉक्टरांचं खरं. पण पुढच्याच आठवड्यात दुधगावकरांनी घड्याळ चौकाजवळचा एक सांधा बदलला, आणि त्याच दुपारी काकूंच्या डोळ्यापुढचा ठिपका फिका झाला. त्यांनी एका झटक्यात दोरा ओवला आणि रामलिंगांना हाक मारली. म्हणजे साहेबांचंही खरं. शेवटी सभेनं ठरवलं, की कारण कुठल्या बाजूला आहे हे समजेपर्यंत दोन्ही बाजूंनी दुरुस्ती करावी आणि त्यासाठी काकूंचा डावा डोळा पाणी योजनेत घ्यावा.

मग मोहरणी काकूंच्या तब्येतीच्या मागे लागली.

सकाळी त्या फिरायला निघाल्या की बायका दारातून ओरडायच्या, "काकू, जरा भरभर चाला, आमच्याकडं नळ करंगळीएवढा येतोय." किराणा दुकानदार त्यांना साखर देईना. रामलिंगांनी घरातला गूळ एस.टी.च्या जुन्या पेटीत ठेवला आणि किल्ली करगोट्याला बांधली. पापड नको, लोणचं नको, मीठ कमी. भाजी जास्त, भाकरी लहान. रात्री गोळी घेतली का, हे विचारायला पाणी सोडणारा माणूस स्वतः यायचा, कारण सकाळी शिव्या त्याला खाव्या लागायच्या.

काकू गोंधळून गेल्या होत्या. इतकी वर्षं त्या जेवल्या की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. आता अख्खं गाव विचारत होतं, पण ते आपल्याला विचारतंय की नळाला, हे त्यांना समजत नव्हतं. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, मी बरी व्हावी असं ह्यांना वाटतं ना?"

"वाटतं की."

"माझ्यासाठी?"

रामलिंगांनी विचार केला. "तिकीट काढलेला माणूस गाडी नीट चालावी म्हणतो," ते म्हणाले. "ड्रायव्हरवर त्याचं प्रेम असलंच पाहिजे असं नाही. पण गाडी तर नीट चालते ना."

काकूंना हे पटलंही आणि नाहीही.

तब्येत मात्र सुधारली. पायांना मुंग्या यायच्या त्या कमी झाल्या. जिना चढताना धाप लागेना. दुपारी मशिनवर डोकं टेकून झोप यायची ती जाऊन अंगात हुशारी आली. बागवान डॉक्टर म्हणाले, "शरीरातल्या रक्तवाहिन्या चिरफाड न करता उघड्या बघता येतात अशी ही एकच जागा आहे, काकू. इथं बिघडलं की समजायचं, मूत्रपिंडात, पायात, हृदयात, सगळीकडं तेच चाललंय. इथं सुधारलं की तिकडंही सुधारत असणार."

"मग हृदयात कुठलं गाव आहे?" रामलिंगांनी विचारलं.

"ते मी पाहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

दिवाळीच्या आधी काढलेल्या फोटोत जुने ठिपके जवळजवळ नव्हते. पण पडद्याच्या अगदी कडेला, टाकीपासून सगळ्यात लांब, केसासारखे लाल धागे उगवले होते. ते कसेही वाढले होते, एकमेकांत गुंतले होते. डॉक्टरांनी दुधगावकरांना बोलावून घेतलं.

"हा खडीमाळ," दुधगावकर म्हणाले. "आमच्या हद्दीबाहेरचा. तिथं लाइन नाही. लोकांनी रात्रीबेरात्री आमच्या शेवटच्या पाइपाला भोक पाडून प्लास्टिकच्या नळ्या ओढल्यात. बांगडीएवढ्या पातळ. पाय पडला तरी फुटतील."

"इथंही तसंच आहे," डॉक्टर म्हणाले. "कडेच्या भागाला वर्षानुवर्षं रक्त पुरलं नाही. मग तो भाग मिळेल तिथून स्वतःच वाहिन्या उगवतो. पण त्यांना भिंत अशी नसते. त्या कधीही फुटतात. फुटल्या की सगळा डोळा रक्तानं भरतो. मग हा भाग, तो भाग असं काही राहत नाही, सगळंच जातं."

"अख्खं गाव?"

"मी डोळ्याचं सांगतोय."

"मी पण," दुधगावकर म्हणाले.

प्रभाकाकू मधेच म्हणाल्या, "खडीमाळावर माझी वैजू राहते."

ते खरं होतं. वैजयंता आणि तिचा नवरा खाणीवर कामाला होते. पत्र्याचं घर, दारात कढीपत्ता, आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी आलेली एक निळी नळी. त्या नळीचं पाणी काकू स्वतः कितीदा तरी प्यायल्या होत्या.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. लेझर. त्या कडेच्या भागावर उजेडाचे बारीक चटके द्यायचे. मग नव्या वाहिन्या सुकतात आणि मधली नजर वाचते. सभेत त्यांना पुन्हा हेच सांगावं लागलं. शैलजाताईंनी नीट ऐकून घेतलं.

"चटके दिले की त्या भागाला रक्त पुरतं का?"

"नाही. तो भाग मागायचं थांबवतो."

"म्हणजे त्याची तहान भागते."

"तहान भागत नाही, ताई. तहान लागत नाही."

एका सदस्यानं विचारलं, "पण त्रास कुणाला होत नाही ना?"

"त्या भागाला काही कळत नाही."

"मग हरकत काय आहे?" सदस्यानं सगळ्यांकडे बघितलं. कुणालाच हरकत सांगता येईना. हरकत आहे असं बऱ्याच जणांना वाटत होतं, पण ती नेमकी कुठली, ते सापडत नव्हतं. काकू म्हणाल्या, "मी मुलीला विचारते," आणि सभा संपली.

वैजू भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं आणि हात न थांबवता म्हणाली, "करून टाक, आई."

"अगं, तुला तहान लागायची नाही."

"नाही लागली तर नाही लागली. टँकरची वाट बघणं तरी सुटेल. तू आंधळी झालीस तर मी काय करू? बाबांना चहा तरी करता येतो का?"

"तहान नसलेलं माणूस कसं असतं गं?"

"मला काय ठाऊक. पण तहान असलेलं कसं असतं ते मला ठाऊक आहे." तिनं तांब्या पालथा घातला. "त्यात काही मोठं नाही."

काकू खडीमाळाहून चालत परत आल्या. मुलगी म्हणते ते बरोबर असेल, असं त्यांना वाटलं. मग मुलगी आईच्या डोळ्यासाठी असं म्हणतेय, असं वाटलं. मग आपल्याला आपला डोळा हवा आहे म्हणून आपल्याला मुलीचं बरोबर वाटतंय, असं वाटलं. घरी येईपर्यंत यातलं खरं कुठलं, हे त्यांना ठरवता आलं नाही.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, त्या काज करत असताना डोळ्यासमोरून काजळी उडाल्यासारखं झालं. काळे धागे तरंगू लागले. त्यांनी पापण्या चोळल्या. धागे हलले पण गेले नाहीत. तेवढ्यात गल्लीतून बायका बाहेर आल्या. सगळ्या नळांना तांबूस, गंजकं पाणी येत होतं.

"थोडंसंच फुटलंय," डॉक्टर डोळा तपासून म्हणाले. "पण पुढच्या वेळी थोडं नसेल. मी आजच लेझरला बसवतो तुम्हाला."

काकू हो म्हणाल्या. घाबरलेलं माणूस म्हणतं तसं.

लेझरच्या खुर्चीवर हनुवटी टेकवून त्या बसल्या. हिरवा उजेड लखलखला, पुन्हा लखलखला. फारसं दुखत नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, "समोर बघा, हलू नका, छान." बाहेर बाकावर रामलिंगांच्या हातात काकूंचा फोन होता. तो वाजला. त्यांनी ऐकलं, आणि दार ढकलून ते सरळ आत आले.

"डॉक्टर, थांबा जरा. वैजू काय बोलतेय बघा." त्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"आई," वैजूचा आवाज आला, "टँकर आलाय. आमच्या ओळीतल्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. आता त्या घरी निघून गेल्या. हंडे इथंच आहेत."

"आणि तू?"

"मी उभी आहे. पण कशाला उभी आहे ते आठवेना. तसं बरं वाटतंय. काहीच वाटत नाही. तुझं झालं का गं?"

काकूंनी हनुवटी उचलली. डॉक्टरांनी पायाखालचं बटण सोडलं.

"काकू, अर्ध्यात सोडलं तर डोळा जाऊ शकतो."

"त्या भागाला पाणी द्या," काकू म्हणाल्या. "मागतोय तर द्या ना."

"बंद झालेली रक्तवाहिनी पुन्हा उघडायची सोय माझ्याकडं नाही. कुणाकडंच नाही."

"साहेबांकडं आहे. त्यांना बोलवा."

दुधगावकर आले. काकूंच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि ते त्याच बाजूला उभे होते, त्यामुळे त्या आवाजाच्या दिशेनं बोलल्या. "साहेब, तुम्ही चौकात सांधा बदलला तेव्हा मला दोरा दिसला. बरोबर?"

"बरोबर."

"मग खडीमाळाला चांगली लाइन टाका."

"काकू, टाकली असती. पण ती हद्दीबाहेर आहे. मला तिथं कुदळ मारता येत नाही."

काकू त्याच पट्टीनिशी, रामलिंगांचा हात धरून, नगरपरिषदेत गेल्या. शैलजाताईंनी त्यांना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत.

"ताई, माझा डोळा हद्दीत आहे की नाही?"

शैलजाताईंनी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं. मुख्याधिकारी म्हणाले, "आहे. डोळा योजनेत घेतलेला आहे. तसा ठराव आहे."

"सगळा डोळा, का मधला मधला?"

मुख्याधिकाऱ्यांनी ठरावाचा कागद काढून वाचला. "ठरावात डावा डोळा असं म्हटलंय. मधला असं म्हटलेलं नाही."

"मग त्याची कडही हद्दीत."

यात कुठे चूक आहे का, हे सगळ्यांनी तपासून पाहिलं. चूक नव्हती. विरोधी सदस्य म्हणाले, की असं असेल तर खडीमाळ आधीपासूनच गावात होता आणि इतकी वर्षं आपण तिथं पाणी दिलं नाही, ही बाब गंभीर आहे. शैलजाताई म्हणाल्या, की त्या बाबीकडे नंतर बघू. आधी खणा.

लाइन टाकायला वेळ लागणार होता. तेवढा वेळ निघावा म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन दिलं. त्यानं नव्या वाहिन्या काही काळापुरत्या सुकतात. त्या सुकल्या, आणि खडीमाळाच्या सगळ्या निळ्या नळ्याही कोरड्या पडल्या. राहिला तो फक्त टँकर.

प्रभाकाकू पिशवीत दोन लुगडी आणि गोळ्या घालून खडीमाळावर राहायला गेल्या. रामलिंगही गेले. घरी एकट्यानं चहा करायची वेळ येऊ नये म्हणून, असं ते म्हणाले. काकू टँकरच्या रांगेत उभ्या राहायच्या. एक बाई त्यांना तोंडावर म्हणाली, "तुमच्या डोळ्यापायी आमचं होतं तेवढंही पाणी गेलं."

"गेलं खरं," काकू म्हणाल्या.

"आणि आता?"

"खणतायत."

बाईनं खालच्या रस्त्याकडे पाहिलं. तिथे खरंच खणत होते. तिनं काकूंचा हंडा स्वतःच्या पुढे सरकवला. राग गेला होता की नव्हता, ते काकूंना कळलं नाही.

वैजूच्या ओळीतली माणसं रांगेत यायची नाहीत. जितके चटके डॉक्टरांचे देऊन झाले होते, तेवढीच घरं ती. ती माणसं कामावर जायची, हसायची, बोलायची. फक्त पाणी मागायची नाहीत. एका सकाळी वैजू दारातच मटकन खाली बसली. ओठ फुटले होते, जीभ कोरडी ठाक पडली होती. सरकारी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एवढा वेळ पाणी का नाही प्यायलात?"

"लागलंच नाही," वैजू म्हणाली. तिलाही याचं नवल वाटत होतं.

त्या दिवसापासून काकू त्या ओळीतल्या प्रत्येक दारात तांब्या घेऊन जाऊ लागल्या. "प्या." लोक प्यायचे. नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. थोड्याच दिवसांत बाकीच्या बायकांनी घरं वाटून घेतली.

लाइन पोचली त्या दिवशी खडीमाळावर तोटीपाशी गर्दी झाली. दुधगावकरांनी खाली व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं. आधी हवा आली, मग गढूळ पिचकारी, मग पाणी. मनगटाएवढी धार. काकू गर्दीच्या मागे उभ्या होत्या. कुणीतरी धुळकटलेली काच ओल्या फडक्यानं पुसावी तसं त्यांना झालं. काळे धागे खाली बसले. समोरच्या बाईच्या पदरावरची बुट्टी, त्या बुट्टीचा उसवलेला टाका, सगळं दिसलं. त्यांनी त्या बाईला सांगितलं, "टाका घालून घे, सगळी उसवेल." ती नळाकडे बघत होती, तिनं ऐकलं नाही.

बागवान डॉक्टरांनी नवा फोटो काढला. केसासारखे धागे नव्हते. त्यांच्या जागी टाकीकडून कडेपर्यंत एक चांगली, जाड भिंतीची रक्तवाहिनी गेलेली होती.

"हे होत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि रक्तवाहिनी अशी काटकोनात वळत पण नाही."

"तिथं शाळेचं कुंपण आहे," दुधगावकर म्हणाले. "वळवावी लागली."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि काकूंना गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या. बरं वाटत असलं तरी.

"जिथं चटके दिले होते तिथलं काय?" रामलिंगांनी विचारलं.

"ते परत येत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात तेवढा एक तुकडा काकूंना कायम दिसणार नाही. सवय होते. मान थोडी वळवायची."

गावाला काकूंच्या डोळ्याची आणि खडीमाळाच्या लाइनीची, दोन्हीची सवय झाली. काकू सकाळी फिरायला जातात, बायका अजूनही दारातून भाकरीची चौकशी करतात, आणि काकू कधी खरं सांगतात, कधी नाही. लाइन फुटली की खोटं उघडं पडतं. तेव्हा त्या कुणालाच तोंड दाखवत नाहीत.

वैजू रविवारी माहेरी येते. काकूंच्या मशिनच्या डाव्या बाजूला पाट घेऊन बसते आणि बटणं लावून देते. नेमकी तिथे बसली की ती काकूंना दिसत नाही. नुसती बटणांच्या डबीची खुळखुळ ऐकू येते. "जरा इकडं सरक," काकू म्हणतात. ती म्हणते, "इथं वारा लागतो." मग काकूच मशिन थांबवून मान वळवतात.

परवा त्यांनी अशीच मान वळवली, फुलपात्र भरलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"पी."

"आत्ताच तर प्यायले."

"कधी?"

वैजूनं आठवून बघितलं. "नाही वाटतं प्यायले," ती म्हणाली. तिनं फुलपात्र उचललं आणि एका दमात रिकामं केलं.

"कसं लागतंय?" काकूंनी विचारलं.

वैजू थोडा वेळ जीभ टाळ्याला लावून बसली. ती मनापासून शोधत होती, हे काकूंना दिसत होतं.

"गार आहे," ती म्हणाली.

काकूंनी फुलपात्र पुन्हा भरलं.